सतरा आणि अठरा

"सतरा आणि अठरा कुणाच्या, बाई?" डॉक्टरीणबाईंनी गोठलेल्या दोन कुप्या वर धरल्या. "रजिस्टरात नुसते आकडे आहेत. माहिती नसेल, तर आज नष्ट कराव्या लागतील."

बाईंनी चष्मा पुसला. चाळीस वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत त्यांनी हे गुप्तरोगाचे जंतू वाढवले होते. काय एकेकाचे नखरे! माणसाबाहेर टिकायचं नावच नाही. रक्त तापवून केलेलं तपकिरी खाणं हवं, अंगाची ऊब हवी. काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट बसवायचं. ती विझली, की आतली हवा स्वारीला मानवायची. संध्याकाळी नवरा दाराशी येऊन थांबायचा. "झोपली का तुझी पोरं?" म्हणून चिडवायचा. बाईंना एकदम भरून आलं. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"जंतू एकच आहे," डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "पण एका कुपीतल्यानं झगा बदललाय. नव्या शरीरात ओळखू येऊ नये म्हणून. बायकांच्यात तर तो महिनोन्‌महिने निमूट दडून राहतो, त्रास म्हणून देत नाही. हे जोडपं असेल ना, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तो कसा बदलला ते कळेल. या कुप्या सोन्याच्या आहेत."

"जोडपंच होतं. लग्नाला तीन आठवडे झाले होते," बाई म्हणाल्या. "सतरा माझा नवरा. अठरा मी."

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. बाईंना मात्र दोघांच्या तपासणीचा निकाल आला तो दिवस जसाच्या तसा दिसत होता. मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. "नव्या नवरीला हे आणून दिलंस? लाज नाही वाटली?" तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं." बाई शेजारी मूग गिळून उभ्या होत्या. बाहेर पडल्यावर त्यानं त्यांचा हात धरला आणि सिनेमाला नेलं. तो विषय घरात पुन्हा कधी निघाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी वहीत सतरा लिहिलं, पुढे अठरा लिहिलं आणि सतराकडून अठराकडे एक बाण काढला.

"तो बाण खोडा," बाई म्हणाल्या. "उलटा काढा. आधी मला होता, आणि त्याला ते ठाऊक होतं."