उद्यापन

“उद्यापन कुठल्या उपासाचं, वहिनी?” गुरुजींनी विचारलं, तर माझी बायको हातातली सुपारी नुसती फिरवत राहिली.

मग मीच बोललो, “अहो, एक का दोन उपास? आमच्या कारखान्यातले माग बंद पडले त्या पाच महिन्यांत हिनं सोमवार, गुरुवार, शनिवार, एक वार सोडला नाही. त्या पुण्याईनंच माग परत सुरू झाले बघा!”

खरं सांगतो, ते पाच महिने मला लग्नानंतरचे सगळ्यात गोड वाटले. भोंगा नाही, पाळी नाही. दुपारी चुलीपुढं मांडी घालून बसायचं, बुक्कीनं कांदा फोडायचा, हुलग्याच्या माडग्यात गरम भाकरी कुस्करायची. दुसरी भाकरी मागितली की ही हसत टोपली पुढं करायची.

“तू पण बस की,” म्हटलं तर म्हणायची, “आज माझा उपास हाय.”

“अगं, देवसुद्धा कंटाळला असंल तुला!” असं मी चिडवायचो. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं, उपासानं कशी सडपातळ झालीय बघा.

“संकल्पात देवाचं नाव घ्यावं लागतं, वहिनी,” गुरुजी परत म्हणाले.

तिनं सुपारी पाटावर ठेवून दिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“देव कुठला, गुरुजी? ज्या दिवशी ह्यांनी दुसरी भाकरी मागितली, त्या दिवशी माझा उपास.”