तळाची चव

"वरचं पाणी कुणालाही दिसतं बाय, तळ मात्र चाखावा लागतो," असं जोमा नाखवा आपल्या लहानग्या लेकीला, चांगुणाला सांगायचा. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा तो दर्यात सोडायचा. गोळ्याच्या बुडाला मेण लावलेलं असायचं. त्याला चिकटून आलेला गाळ जिभेवर ठेवून कोलंबी कुठे, घोळ मासा कुठे, ते तो सांगायचा.

आज शास्त्रज्ञ झालेली चांगुणा त्याच्या होडीत बसली होती. तेलाचं जहाज फुटून महिना झाला होता आणि दर्या कसा लखलखत होता. तिने शोधलेल्या पावडरीने दोन दिवसांत तेलाचा तवंग नाहीसा केला म्हणून तिचे सत्कार चालले होते.

जोमाने गाळ चाखला, थुंकला, पुन्हा चाखला.

"रॉकेल लागतंय गं." मग तो ओशाळून हसला. "तुझी यंत्रं म्हणतात दर्या स्वच्छ, आणि ही थेरडी जीभ त्यांच्याशी भांडते! मेली ती. होडी विकतो उद्या. तळ कळत नाही, त्याने नाखवा म्हणवू नये."

त्याने गोळा तिच्या मांडीवर ठेवला.

दर्याच्या पोटात मेलेल्या बारीक जिवांचा भुगा हिमासारखा अखंड झरतो. तळचे जीव त्याच घासावर जगतात. चांगुणाच्या पावडरीने तो भुगा चिकट झाला आणि तेलाला कवटाळून खाली गेला. तळाचा एक फोटो तिने दडवला होता. त्यात काळ्या सायीखाली खेकडे उताणे पडले होते.

"होडी विकू नका, बाबा. तुमची जीभ खरं बोलतेय," ती म्हणाली. "तेल गेलं नाही. मीच ते तळाला नेऊन बसवलंय."