डावीकडचा मॉनिटर
घरी एवढ्याशा स्क्रीनवर काम होत नाही, ऑफिसच्या गावी खोली घेते, असं मी बाबांना सांगितलं होतं. आई गेल्यापासून या घरात माझा जीव गुदमरतो, हे खरं कारण तोंडातून निघालंच नाही. आज बाहेरून आले, तर माझ्या टेबलाशेजारी भिंतीला चार बोल्ट मारून त्यांनी भलामोठा मॉनिटर बसवला होता. लॅपटॉपही जोडला होता, पण मॉनिटर काळाच. “तुझ्या लॅपटॉपमधल्या त्या लिनक्सवर नखरे करेल, असं दुकानदार म्हणाला होता,” केबल काढून पुन्हा लावत बाबा म्हणाले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाचं तोंड एवढंसं झालं होतं. “नाहीच लागला, तर जा बाई तू. मी अडवणार नाही.” सेटिंगमध्ये दुसरा डिस्प्ले बंद होता, तेवढंच. ‘नाही लागत’ म्हटलं असतं, की मी सुटले असते. बाबांनी शर्टाच्या टोकानं मॉनिटरची काच पुसली, आणि मीच माझ्या बोटानं तो डिस्प्ले चालू केला. मॉनिटर उजळला. बाबा टेबलाच्या उजवीकडे, आपल्या खुर्चीत जाऊन बसले. “मुद्दाम डावीकडे लावला. इकडे लावला असता, तर तू मला दिसली नसतीस.” लॅपटॉप मात्र मॉनिटर उजवीकडेच आहे असं धरून चालला होता. मी माऊस डावीकडे सरकवला. बाण लॅपटॉपच्या डाव्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच अडला, मॉनिटरवर जाईना. “झालं ना सगळं नीट?” बाबांनी विचारलं. “झालं,” मी म्हणाले आणि माऊस पुन्हा डावीकडे ढकलला.