काचेतलं शटर

रात्री दिवा लावला की चंद्रशेखरची झोप मोडायची, आणि चार पानं वाचल्याशिवाय त्याच्या बायकोला, रचनाला, झोप येत नसे. म्हणून डोळ्यांना न टोचणारा टॅब घ्यायला दोघं भर दुपारी दवनीवाड्याहून गोंदियाला आली. चंद्रशेखर बाहेर स्कूटरवरच बसून राहिला.

"काळं पान, पांढरी अक्षरं. रात के लिए हेच बेस्ट आहे, ताई," दुकानदार उमेंद्र म्हणाला.

रचना टॅब घेऊन स्टुलावर बसली आणि वाचू लागली. अक्षरांमागच्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, आणि पाठीमागे दुकानाचं शटर, अर्ध्यावर उतरलेलं. तिनं वळून पाहिलं. शटर पूर्ण वर होतं. रस्त्यावर ऊन पडलं होतं.

तिनं पान उलटलं. काचेतलं शटर वीतभर खाली आलं. पुढच्या पानाला ते गुडघ्यापर्यंत उतरलं.

"भाऊ, शटर पाडून राहिले का?"

"नाही ना ताई, खुल्लंच आहे."

"मग दुसरा दाखवा. न चमकणारा."

दुसऱ्याची काच कागदासारखी मंद होती. तिच्यात काहीच दिसत नव्हतं. रचनाच्या जिवात जीव आला. "हाच द्या," म्हणत तिनं पहिला टॅब बाजूला सारला, तेव्हा नजर पडलीच. काचेतलं शटर जमिनीला टेकलं होतं.

ती तशीच उठली आणि दाराकडे धावली. समोर ऊन होतं, रस्ता होता, स्कूटर होती. चंद्रशेखर हात हलवत होता.

"चल ना वो! काऊन उभी राहिली?"

रचनानं उन्हात हात पुढे केला. तळव्याला थंडगार लोखंडाच्या पट्ट्या लागल्या.