सज्ज्याचा जिना

दर शनिवारी मी आमच्या चर्चमधली पितळी भांडी घासते आणि डेन्झिल गवंडी भिंती दुरुस्त करतो. आम्हा दोघांचाही हा आवडता दिवस. मधे चहा, माझा केशराचा केक आणि त्याच्या बढाया.

भिंतीच्या पोटात एक अरुंद दगडी जिना आहे. पूर्वी त्यावरून गाणारे चर्चच्या आत उंचावर असलेल्या लाकडी सज्ज्यावर जायचे. सज्जा चारशे वर्षांपूर्वी पाडला. आता जिन्याचं वरचं दार नुसत्या हवेत उघडतं, म्हणून कोणी चढत नाही. तरी पहिली पायरी फुटलेली बघवेना, म्हणून यंदा डेन्झिलने नवी बसवली.

या शनिवारी तो तिच्यापाशी उकिडवा बसला. ‘‘हेस्टर, इथे कोण नाचतं गं?’’

नव्या पायरीच्या मधोमध गुळगुळीत खळगा पडला होता, अगदी जुन्या पायऱ्यांसारखा.

‘‘स्वस्तातला दगड आणला असशील,’’ मी म्हणाले.

‘‘कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट आहे, बाई.’’ हसत त्याने खळग्यात पाऊल ठेवलं. बूट नेमका बसला. ‘‘अगं, किती सोपं जातंय,’’ म्हणत तो शीळ घालत चढत गेला.

मी चहा ओतला आणि वरच्या दारात त्याचं डोकं दिसायची वाट पाहिली. दिसलं नाही. शीळ मात्र दारातून बाहेर आली आणि माझ्या डोक्यावरून पुढे गेली, तिच्यासोबत फळ्यांची करकर. मी वर पाहिलं. छपरापर्यंत काहीच नव्हतं.

शीळ खुशीत होती. एकेक करून तिला आणखी गाणारे आवाज येऊन मिळाले.

माझ्या चहात ताज्या लाकडाचा भुसा पडला.