आणखी एक गिरकी

“ताई, उतरू या आता.”

“आणखी एक गिरकी,” मागून उत्तर आलं.

दोन माणसांच्या पॅराग्लायडरच्या पुढच्या बैठकीत तो होता आणि त्याला खेटून मागे त्याची थोरली बहीण. पर्यटकांना उडवून आणणं हा तिचा धंदा. त्याचं काम खाली, वर्कशॉपमध्ये. वर चढणारी गरम हवा नेमकी कुठे आहे, हे पायलटला दाखवणारं यंत्र तो बनवायचा. जुनं यंत्र ती हवा अर्धी गिरकी उशिरा दाखवी. पायलट तिकडे वळेपर्यंत ती मागे पडलेली असे.

“खाली बसून चित्रं काढायला काय जातंय तुमचं!” ताईनं एकदा सगळ्यांसमोर त्याला सुनावलं होतं.

मग त्यानं हट्टानं पडदा असलेलं नवं यंत्र तयार केलं. हवा चढते तिथे लाल ठिपके, उतरते तिथे निळे, तेही लगेच. आज तो ते बघायला पहिल्यांदाच वर आला होता. थोड्याच वेळात त्याला कधी एकदा खाली उतरतो असं झालं.

“यंत्र चालतंय. पटलं ना? चल खाली.”

“मला कुठे दिसतंय? तुझं डोकं मध्ये आहे. तू वाचून दाखव. दोन्ही हातांनी धर.”

“लाल उजवीकडे.”

ग्लायडर उजवीकडे कललं. खालची घरं आणखी लहान झाली. पाय मोकळे करावेत म्हणून तो बैठकीत जरा पुढे सरकला.

“हलू नकोस!”

ती अशी ओरडली की त्याच्या हातातलं यंत्र सुटता सुटता राहिलं. पाठोपाठ तिच्या दोन्ही पायांनी मागून त्याच्या कमरेला घट्ट विळखा घातला.

“अगं, काय करतेस? गिऱ्हाइकांनाही असंच कोंडतेस का?”

“गिऱ्हाइकं निमूट बसतात. लाल कुठाय?”

चहूकडे मोकळं आभाळ होतं आणि त्याला कूस बदलायला जागा नव्हती. दार नाही, जिना नाही. ती नेईल तिकडे जायचं. जुन्या यंत्राचा राग ती अजून विसरलेली नाही, हे त्याला कळून चुकलं.

“सॉरी म्हणतो, ताई. जुनं यंत्र भिकार होतं. आता तरी सोड.”

“लाल कुठाय, बारक्या?”

“सगळीकडे. मधोमध आहोत आपण.”

“असंच राहायला हवं. जरा निळं दिसलं की सांग. मान वर करू नकोस.”

तिचा आवाज कोरडा पडला होता. ग्लायडर एकसारखं, न हिंदकळता फिरत होतं. तिनं ब्रेकच्या दोन्ही दोऱ्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात त्याच्या मांडीपाशी चाचपडू लागला.

“आता काय, चिमटे काढणार?”

तिचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता. उजव्या मांडीपाशी कट्ट असा आवाज झाला. बऱ्याच वेळानं डावीकडेही झाला. मग तिच्या पायांचा विळखा सैल पडला.

“चल, उतरू,” ती म्हणाली. तिला रडू फुटत होतं. “तुझ्या मांड्यांचे पट्टे लावायला विसरले होते रे मी. इतका वेळ तू बांधलेलाच नव्हतास.”