विलायती वकील

"इथली पदवी? अगं सरोजा, तिच्यात मासे गुंडाळायचे!" शेजारच्या सरोजाची लेक क्वालालंपूरला वकिली शिकायला निघाली, तेव्हा सिऊ लानने नाक मुरडलं. मग हट्टाने रबराची बाग विकून तिने आपल्या लेकाला, झुन होला, कायदा शिकायला इंग्लंडला धाडलं.

आज इपोहच्या कोर्टात त्याचा पहिला खटला होता. ड्युरियनची फळं चोरल्याचा आळ आलेल्या म्हाताऱ्या पाक मातला त्याने सोडवायचं होतं. सिऊ लान नवं रेशीम नेसून मागच्या बाकावर बसली. लेकाने इंग्रजीत अशी काही फैर झाडली, की तिने शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसलं, "माझा लेक!"

"वकीलसाहेब, मलयमध्ये बोला," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. "इथे सगळं मलयमध्येच चालतं."

मलयच्या परीक्षेतून पाठांतरावर कसाबसा सुटलेल्या झुन होने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात पाक मात छातीवर हात ठेवून उभा राहिला. "बाईसाहेब, त्याला रागावू नका, मागे त्याची आई बसलीय. पोराची बाजू मी मांडतो."